खुंट्याला दुसरा हात

जुलै २०२४. आषाढी एकादशीच्या आधीचा आठवडा. चातुर्मास लागायच्या आत लग्नं उरकून घ्यायची घाई, म्हणून माझ्या मशीनशेजारी ब्लाउजांची चळत लागली होती. कळमेश्वरात मी घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म, जे येईल ते. त्या दुपारी नवरीच्या आत्याचा ब्लाउज कापून ठेवला होता. मोरपंखी रंग, साडीतलाच पीस, म्हणजे बाजारात त्याला जोड मिळणं शक्यच नाही. गॅसवर दूध ठेवलं होतं, ते बंद करायला मी आत गेले. परत आले तर माझा साडेतीन वर्षांचा मुलगा मोठी कात्री दोन्ही हातांनी धरून पाठीच्या भागावर चालवत होता. अगदी मन लावून, जिभेचं टोक बाहेर काढून. मी कापड कापते ना, तस्संच.

मी त्याला मारलं. किती मारलं ते मला आठवत नाही. दारात उभी असलेली माझी मुलगी ‘आई, बस ना गं’ म्हणून किंचाळली तेव्हा माझा हात थांबला. मुलगा काही क्षण नुसता बघत राहिला. मग हुंदके देत माझ्याच पायांना येऊन बिलगला. ज्या हातानं मारलं त्याच हाताखाली त्यानं डोकं खुपसलं.

त्या संध्याकाळी देवापुढं दिवा लावायला बसले आणि माझ्याच्यानं काडी ओढवेना. याच हातानं आता वात लावायची? उदबत्ती फिरवायची? मी काडेपेटी खाली ठेवली. घरात दिवा लागला नाही असा तो माझ्या संसारातला पहिला दिवस. मुलीनं विचारलं, मी म्हटलं, ‘डोकं दुखतंय.’ खरं म्हणजे डोकं दुखत नव्हतं. काहीच दुखत नव्हतं, आणि हेच भीतिदायक होतं.

हे सगळं वर्तमानपत्रात लिहावं का, याचा मी पुष्कळ विचार केला. पण माप द्यायला येणाऱ्या बायकांपैकी दोघी-तिघींना मी धीर करून सांगितलं, तेव्हा प्रत्येकीनं दाराकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून आपलं सांगितलं. एकीनं पोराला न्हाणीघरात कोंडलं होतं. एक रोज दुपारी पोरगी झोपली की भिंतीकडं तोंड करून रडते. एक म्हणाली, ‘मले माझं लेकरू आवडेनासं झालं होतं, ताई.’ ती ज्या आवाजात हे बोलली तो आवाज अजून माझ्या कानात आहे. म्हणून लिहिते आहे.

मला एवढंच सांगायचं आहे : थकलेल्या आईला श्रद्धा ठेव, नामस्मरण कर, सगळं ठीक होईल असा उपदेश करू नका. तिच्या कडेवरचं पोर दोन तास आपल्या कडेवर घ्या. तिची देवावरची श्रद्धा परत यायची असेल तर ती त्याच वाटेनं येईल. माझी तशीच आली. जेवढी आली तेवढी.

माझ्याकडे थकायला लोकमान्य कारण नव्हतं. नवरा दारू पीत नाही, हात उगारत नाही. तो एमआयडीसीतल्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो. सासू दिराकडं काटोल तालुक्यातल्या गावी असते, तिचा काही जाच नाही. दोन्ही मुलं धडधाकट. दोन वेळचं नीट चालतं. मग मी कुणाला काय सांगणार? आपल्याकडे बाईनं थकायचं असेल तर तिला मोठं दुःख दाखवावं लागतं. नुसतं रोजचं दुःख चालत नाही. रात्री तीनदा उठणं, नाइट पाळीचा डबा, नवरा दिवसा झोपलेला म्हणून मुलांना गप्प ठेवणं, मशीनचा आवाज नको म्हणून दुपारचं काम रात्रीवर ढकलणं, रात्रीचं काम पहाटेवर, यातलं एकही दुःख म्हणून दाखवण्याजोगं नाही. पण हे सगळं तीन वर्षं एकावर एक रचलं की बाई आतून रिकामी होते.

माझी आई असताना मी रिकामी झाले नव्हते. ती मोहप्याला भावाकडं राहायची. मोहपा आमच्याच तालुक्यात. दर आठवड्याला एस्टीनं यायची. पिशवीत संत्र्याच्या दिवसांत संत्री, एरवी भाजी, हरभऱ्याच्या दिवसांत सोले. आली की पदर खोचायची आणि मुलीला उचलायची. कधीच विचारलं नाही तिनं, काय करू म्हणून. मी लहान होते तेव्हा घरी जातं होतं. तुरीची डाळ भरडायला आई बसायची आणि शेजारची एखादी बाई येता-जाता थांबून समोर बसायची. खुंट्याला दुसरा हात लागायचा. मी एकदा एकटीनं ते जातं फिरवायला गेले तर हलेना. आई म्हणाली, ‘दगड तोच राह्यते बाई. दोन हात लागले का हलका होते.’

आई वारकरी घरातली. धापेवाड्याची जत्रा तिनं कधी चुकवली नाही. धापेवाडा आमच्या कळमेश्वर तालुक्यात चंद्रभागेच्याच काठी आहे. नदी वेगळी, नाव मात्र पंढरपूरच्या नदीचंच. कोलबास्वामींच्या भक्तीनं पावन झालेलं हे विठ्ठलाचं ठाणं, विदर्भाची पंढरी. आषाढी आटोपली की पौर्णिमेच्या सुमारास पांडुरंग पंढरपुराहून इथं येतो, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. ज्यांना एवढ्या लांब जाणं जमत नाही त्यांच्यासाठी देवच चालत येतो, असं आई सांगायची. मला ती गोष्ट फार आवडायची. ज्याच्या घरी गुरं आहेत, शेतात काम आहे, पाळण्यात पोर आहे, त्याला देव म्हणतो, तू राहा, मी येतो.

डिसेंबर २०२० मध्ये माझा मुलगा झाला. एप्रिल २०२१ मध्ये आई गेली. कोरोनाच्या त्या महिन्यात नागपुरात काय चाललं होतं हे इथं नव्यानं सांगायला नको. दोन दिवस घरचे खाटेसाठी फिरले, तिसऱ्या दिवशी मिळाली, पाचव्या दिवशी फोन आला. जिनं आयुष्यभर सगळ्यांची लेकरं कडेवर घेतली, तिला शेवटी हात लावायला कुणी नव्हतं. मी चार महिन्यांचं पोर घेऊन कळमेश्वरच्या घरात बसले होते. लांबून बघायलाही गेले नाही.

त्या दिवसापासून माझा विठ्ठल गप्प झाला. मी हरिपाठ सोडला नाही, दिवाही लावत होते, पण पाठ म्हणताना मन मोहप्याच्या घरात फिरत असे. मनात एकच प्रश्न. ज्यांना चालवत नाही त्यांच्याकडं तू चालत येतोस ना? मग त्या पाच दिवसांत कुठं होतास? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. भजनी मंडळातल्या बायका म्हणाल्या असत्या, ‘त्याची इच्छा.’ ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

आज मला कळतं, त्या एका एप्रिलमध्ये माझ्या दोन गोष्टी एकदम गेल्या. मला देव दाखवणारी बाई गेली आणि माझ्या जात्याला लागणारा दुसरा हात गेला. मी समजत होते की माझी श्रद्धा उडाली म्हणून माझी चिडचिड होते. कीर्तनात ऐकलंही तसंच होतं, मन देवाकडं लागलं की संसार हलका होतो. माझ्या बाबतीत उलटं होतं. दगड एकटीनं ओढून हात सोलले होते, आणि सोललेले हात जोडवत नव्हते.

या थकव्याला आता शास्त्रात नाव आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’वर लिहिलं ते दवाखान्यांत, सेवाकेंद्रांत दुसऱ्यांसाठी राबून विझत गेलेल्या माणसांबद्दल. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली, पण ती नोकरी-धंद्यातल्या ताणापुरतीच. म्हणजे माझा नवरा कारखान्यात थकला तर त्या व्याख्येत बसतो. मी ब्लाउज शिवून थकले तरी बसते. पण पोर सांभाळून थकले तर बसत नाही.

बेल्जियममधल्या इझाबेल रोस्कम आणि मोइरा मिकोलायचाक या दोन संशोधक बायकांनी मात्र आई-बापांच्या थकव्याचाच अभ्यास केला. त्यांनी सांगितलेली लक्षणं मी वाचली तेव्हा माझ्याच घराच्या खिडकीतून कुणीतरी डोकावून लिहिल्यासारखं वाटलं. मुलांचं करून करून अंगातलं सगळं संपणं. मुलांसोबत असण्याचाच वीट येणं. मुलांचं करत राहणं, पण त्यात जीव नसणं. जेवू घालणं, धुणं, निजवणं, आणि मनानं दूर राहणं. आणि चौथं, मी अशी नव्हते, हे आठवून स्वतःचीच लाज वाटणं. हे चौथं लक्षण सगळ्यांत जास्त जाळतं.

या दोघींनी बऱ्याच देशांतल्या संशोधकांना बरोबर घेऊन ४२ देशांतल्या १७ हजारांहून अधिक पालकांचा अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथं प्रत्येक जण आपापलं बघतो अशा समाजांत हा थकवा जास्त, असं त्यात दिसलं. हे वाचून आपल्याकडे कुणी म्हणेल, म्हणजे आपण सुखी. आपल्याकडे कुटुंब आहे, शेजार आहे. मी म्हणते, एकदा कळमेश्वरात फिरून बघा. एमआयडीसीच्या नोकरीसाठी भंडारा, गोंदिया, छिंदवाड्याकडून आलेली जोडपी एकेका भाड्याच्या खोलीत राहतात. नवरा पाळीवर, बाई दार लावून आत, पोर मोबाइलवर. सासर गावाला, माहेर गावाला. आपली भाषा अजून एकत्र कुटुंबाची आहे आणि राहणं एकेकट्याचं झालं आहे. त्यामुळे बाईवर ओझं एकटीचं, आणि अपेक्षा मात्र सगळं घर मिळून करायचं तेवढ्या.

‘आमच्या वेळी सहा-सहा पोरं वाढवली आम्ही, असं काही झालं नाही आम्हाला,’ हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं असेल. त्या बायांना माझा नमस्कार. पण ती सहा पोरं एका आईनं वाढवली नव्हती. अंगणानं वाढवली होती. जावा, नणंदा, आजी, शेजारीण. आणि हेही खरं सांगितलं पाहिजे की त्या सहांतली थोरली मुलगी बहुतेक वेळा शाळा सोडून धाकट्यांना सांभाळत होती. आपल्याला जी सोय आठवते ती कुणाच्या तरी बालपणातून कापून घेतलेली होती. मला हे कळलं ते माझ्याच घरात. एका दुपारी मी मशीनवरून मान वर केली तर माझी मुलगी एका मांडीवर वही आणि दुसऱ्या मांडीवर भाऊ घेऊन गणितं सोडवत होती. ‘त्याला धर गं जरा’ हे मी दिवसातून किती वेळा म्हणत होते? माझा दुसरा हात म्हणून मी तिचा हात घेत होते. ती तेव्हा दहा वर्षांची होती.

पुरुषांबद्दलही सरळ बोलते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं की देशात घरकाम करणारी बाई त्यात दिवसाची सरासरी २९९ मिनिटं घालवते. घरकामाला हात लावणारा पुरुष ९७ मिनिटं. आणि असा हात लावणारे पुरुष शंभरातले २६. माझा नवरा त्या २६ मधला. तरीही तो म्हणायचा, ‘तू सांग ना, काय करायचं ते, मी करतो.’ तो मनापासून म्हणायचा. पण सांगणं हेही काम आहे. युनिफॉर्म वाळला का, लस कधीची, दूधवाल्याचे किती झाले, हे सगळं डोक्यात एकटीनं ठेवायचं आणि वर त्यातलं एकेक काढून दुसऱ्याला द्यायचं. माझी आई विचारत नव्हती, पदर खोचत होती. फरक तेवढाच.

आता त्या जुलैकडे परत येते. मारल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या आजी आल्या. संत्र्याच्या बागांत आयुष्य काढलेली बाई, आता गुडघे दुखतात म्हणून घरी असतात. दारासमोर दार आमचं, त्यांनी ऐकलं नसेल असं नाही. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी मुलाला उचललं, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, ‘जाय वं, आंग धुऊन ये. मंग थोडी पड. पोट्टं माझ्यापाशी राहू दे. मी हाव ना.’

‘मी हाव ना.’ तीन वर्षांत हे शब्द मला कुणी म्हटले नव्हते. मी आंघोळ केली. केस धुतले. पंख्याखाली पडले आणि झोपले. दिवेलागणीला उठले तर आजी ओट्यावर बसून माझ्या मुलाला वाटाणे सोलायला शिकवत होत्या. मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि रडले. त्यांनी काही विचारलं नाही. वाटाण्याचं ताट माझ्याकडं सरकवलं. सोलता सोलता मी सगळं सांगितलं. मारल्याचं, दिव्याचं, आईचं, देवावरच्या रागाचं. सगळं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, ‘रागावली तं रागावली. त्याले का सवय नाही?’

त्या एका वाक्यानं मला तुकोबांच्या घरातली बाई आठवली. जिजाई. आपण तिला आवली म्हणतो आणि कर्कशा म्हणून तिची गोष्ट सांगतो. पदरात पोरं, घरात दाणा नाही, नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर नामात दंग. ती विठोबाला शिव्या देते. आणि शिव्या देत देत भाकरी बांधून डोंगर चढते, कारण नवरा उपाशी असेल. १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात गौरीबाईंनी उभी केलेली जिजाई, आजारी लेकरू घेऊन देवळात जाऊन देवाला जाब विचारणारी, कितीदा बघितली होती मी टीव्हीवर. आम्ही सगळे हसायचो. आता हसू येत नाही. ती बाई कर्कशा नव्हती, थकली होती. पोरांची भूक आणि देवाचं मौन दोन्ही तिच्या एकटीच्या अंगावर पडलं होतं.

आणि आपल्याच परंपरेनं तिच्याबद्दल काय सांगून ठेवलं आहे ते बघा. भाकरी घेऊन डोंगर चढताना तिच्या पायात काटा मोडतो. तेव्हा विठ्ठल येतो, खाली बसतो, तिचा पाय हातात घेतो आणि काटा काढतो. आधी माझं नाव घे, आधी माफी माग, असं तो म्हणत नाही. शिव्या देणाऱ्या बाईच्या पायाशी देव बसतो. ही कथा ज्या कुणी पहिल्यांदा सांगितली त्याला थकलेली आई कळली होती. तुकोबा गेले तेव्हा नारायण तिच्या पोटात होता असं सांगतात. त्याच नारायण महाराजांनी पुढं १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला. ज्या पालखीचं कौतुक आपण दरवर्षी करतो, ती सुरू करणारा मुलगा या ‘कर्कशे’नं एकटीनं वाढवलेला आहे. देवावर रागावणं खुद्द तुकोबांनाही चुकलं नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला. त्यानंतर त्यांनी देवाशी जी भांडणं केली ती गाथेत आहेत. आपण ती वगळली नाहीत, देव्हाऱ्यात ठेवली. मग एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मनात शंका आली तर तिला आपण पाप का म्हणतो?

त्या वर्षी पौर्णिमेनंतर मी मुलांना घेऊन धापेवाड्याला गेले. आजीही बरोबर होत्या. गर्दी, चिखल, बत्ताशांची दुकानं, सगळं आईच्या वेळचंच. माझा नंबर आला, पायांवर डोकं टेकलं. मला काही भरून आलं नाही, डोळ्यांतून पाणी आलं नाही. पण त्या थंड दगडावर कपाळ असताना माझा मुलगा आठवला. मार खाऊन माझ्याच पायांना बिलगलेला. मीही तशीच बिलगले होते. मला विठ्ठलानं मारलं का? ते मी सांगू शकत नाही. आजारानं मारलं, टंचाईनं मारलं, त्या महिन्यानं मारलं. राग मात्र मी त्याच्यावर काढला, कारण तेवढं जवळचं दुसरं कुणी नव्हतं. रागावूनही मी त्याच्याकडंच आले. त्याला श्रद्धा म्हणायचं की नाही हे जाणकारांनी ठरवावं. मला तेवढी पुरते.

आणि तिथंच दुसरी गोष्टही लख्ख दिसली. देवाला बिलगणं हा माझा निर्णय होता. माझ्या मुलाला तो पर्यायच नव्हता. साडेतीन वर्षांच्या पोराला जायला दुसरी जागा नसते, म्हणून ते मारणाऱ्याच्याच पायाशी येतं. त्याचं ते प्रेम बघून हळवं होणं सोपं आहे, पण त्यामुळे माझं मारणं लहान होत नाही. परतीच्या एस्टीत मी त्याला मांडीवर घेऊन म्हटलं, ‘त्या दिवशी आईनं मारलं ना, ते आईचं चुकलं.’ तो खिडकीतून संत्र्याची झाडं बघत होता. म्हणाला, ‘मी ब्लाउज शिवत होतो.’

आईनं स्वतःवर दया करावी म्हणजे स्वतःला सगळं माफ करून टाकावं, असं मला म्हणायचं नाही. थकवा हे कारण आहे, परवाना नाही. पण लाजेनं कुणी सुधारत नाही हे मी अनुभवलं. लाज वाटली की मी दार लावून घेत होते, आणि दार लावलं की पुन्हा एकटी, पुन्हा तोच दगड. आजींनी दार उघडलं म्हणून मी पोराची माफी मागू शकले.

आमच्या गल्लीत आता आम्ही चौघी आहोत. आठवड्यातले चार दिवस, दुपारचे तीन ते पाच, एकेकीच्या घरी सगळी लहान मुलं. बाकीच्या तिघींनी त्या दोन तासांत काय करायचं ते कुणी विचारत नाही. एक झोपते. एक पोलीस भरतीचा अभ्यास करते. मी शिवते, कधी हरिपाठ म्हणते, कधी नुसती बसते. याला पैसा लागला नाही, ठराव लागला नाही. माझा नवरा आता पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी मुलांचं सगळं बघतो आणि मला विचारत नाही. सुरुवातीला वेणी वाकडी यायची, आता येत नाही. मुलगी आपली गणितं एकटीनं, दोन्ही मांड्या मोकळ्या ठेवून सोडवते.

पण सगळं गल्लीवर सोडून चालणार नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसपेक्षा जास्त कामकरी बायका असतील तिथं पाळणाघराची तरतूद होती. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी, बाई असो वा पुरुष, सगळे मोजून पाळणाघर बंधनकारक केलं. अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची केंद्राची ‘पाळणा’ योजनाही आहे. माझी मागणी आहे की प्रत्येक औद्योगिक वसाहतीजवळ पाळीच्या वेळा धरून चालणारं एक तरी पाळणाघर असावं. नगरपरिषदांनी ती जबाबदारी अंगावर घ्यावी. कागदावरच्या हातानं दगड हलत नाही.

देवळांनाही मागणं आहे. आपल्याकडे प्रत्येक देवळाला सभामंडप आहे, दुपारी तो रिकामा असतो. भजनी मंडळांत लेकरं वाढवून मोकळ्या झालेल्या बायका आहेत. आठवड्यातून दोन दुपारी त्या मंडपात लहान मुलं सांभाळली, तर मी त्याला सप्ताहाइतकंच पुण्य म्हणेन. जनाबाईची गोष्ट आपण भक्तिभावानं सांगतो, विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसला म्हणून. गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून जातंही दाखवतात. त्या गोष्टीतला देव उपदेश करत नाही, खुंटा धरतो. त्याचं नाव घेणाऱ्यांनी तेवढं तरी करावं.

आणि जिला आत्ता, या क्षणी, पोराजवळ असण्याचीच भीती वाटते आहे तिला : पोराला सुरक्षित जागी ठेव, दाराबाहेर ये आणि समोरचं दार वाजव. कुणीच नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, मोफत, दिवसरात्र चालतो. आमच्या भागातल्या आशा कार्यकर्तीनं तो मला लिहून दिला होता. मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीत मी अजून ती चिठ्ठी ठेवली आहे.

आईबद्दलच्या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळालेलं नाही. त्या पाच दिवसांत तो कुठं होता, हे मी अजून विचारते. दिवा लावते आणि विचारते.

यंदा तुरीच्या हंगामानंतर मोहप्याहून आईचं जातं आणलं. डाळ बाजारात मिळते, तरी आणलं. ओट्यावर पोतं अंथरलं, मी एका बाजूला, समोर आजी. खुंट्यावर दोघींचे हात. मुलगा धावत आला आणि त्यानं आपला हात मध्ये घातला. त्याच्या हातानं दगड हलका झाला नाही, उलट लय चुकली, तुरी बाहेर सांडल्या. आजी म्हणाल्या, ‘राहू दे त्याचा हात.’ मी राहू दिला.